टीम मान डोलावते, काम मात्र हलत नाही

नवखा कर्णधार

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

ज्या टीममध्ये मी काम करत होतो तिचाच मला लीड केलं. आठ-नऊ जण आहोत. माणसं चांगली आहेत, कोणाशी भांडण नाही, बढती झाली तेव्हा सगळ्यांनी मनापासून अभिनंदन केलं. अडचण अशी की मीटिंगमध्ये मी काहीही मांडलं की सगळे "हो, करू या" म्हणतात. विरोध नाही, प्रश्न नाहीत. आणि मग ते होत नाही. काम अडलंय हे मला तारखेच्या आदल्या दिवशी कळतं, तेही खोदून विचारलं तर. बढतीच्या आधी हेच लोक मला आपल्या अडचणी आपणहून सांगायचे. कधी कधी नको इतक्या.

दुसरी गोष्ट. टीममध्ये एक ज्येष्ठ सहकारी आहेत. पद माझ्या खालचं, अनुभव माझ्या जवळजवळ दुप्पट. मी काही बोललो की लोकांची नजर आधी त्यांच्याकडे जाते. ते वाईट वागत नाहीत, गप्पच असतात. पण त्यांनी भुवई उंचावली की विषय संपला.

माझ्या साहेबांचा सल्ला एका ओळीचा: "थोडा दबदबा निर्माण कर." ते मला जमणार नाही, आणि जमलं तरी त्याने हा प्रश्न सुटेल असं वाटत नाही. विश्वास कमवायचा म्हणजे सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं? पुस्तकी उत्तरंही चालतील. फक्त "स्वतः आदर्श घालून द्या" छापाची नकोत.

शेवटचा बाक

दबदबा निर्माण केलात तर आज जे आदल्या दिवशी कळतं ते दुसऱ्या दिवशी कळायला लागेल. चालू द्या, वाचतोय.

तर्ककर्कश

पुस्तकी चालेल म्हणालात म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

जॉन फ्रेंच आणि बर्ट्राम रेव्हन या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली सत्तेचे पाच आधार सांगितले: पदाचा अधिकार, बक्षीस देण्याची ताकद, शिक्षा करण्याची ताकद, त्या विषयातलं ज्ञान, आणि त्या माणसाबद्दल वाटणारा आपलेपणा. पहिले तीन खुर्चीबरोबर येतात आणि तिच्याबरोबरच जातात. त्यांच्या जोरावर करून घेतलेलं काम तुमची पाठ वळेपर्यंत चालतं. तुमचे साहेब ज्याला दबदबा म्हणतात तो तिसरा. तुमच्या ज्येष्ठांकडे शेवटचे दोन आहेत, आणि त्यांना त्यासाठी कुठल्या नेमणूकपत्राची गरज पडलेली नाही.

पण तुमचा प्रश्न विश्वासाचा आहे. त्यावर मेयर, डेव्हिस आणि शूरमन यांचा १९९५ चा निबंध मला जास्त कामाचा वाटतो. समोरच्यावर विश्वास टाकायचा की नाही हे ठरवताना माणूस तीन गोष्टी जोखतो, असं ते म्हणतात. याला हे काम जमतं का? याला माझं भलं व्हावंसं वाटतं का? आणि हा ज्या तत्त्वांच्या गोष्टी करतो त्यांना धरून राहतो का? तिन्हींचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही. अत्यंत हुशार पण आपमतलबी साहेब सगळ्यांनी पाहिलेत. प्रेमळ पण काम न येणारेही पाहिलेत, आणि ते जास्त दिवस आवडतात, पण त्यांचा सल्ला कोणी विचारत नाही.

तुमच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर टीमला माहीत आहे, कालपर्यंत शेजारी बसून काम करत होतात. गाडी दुसऱ्या प्रश्नावर अडली असावी. त्याच निबंधात विश्वासाची व्याख्या साधारण अशी आहे: दुसरा आपलं नुकसान करू शकतो हे ठाऊक असूनही त्याच्या हाती आपली बाजू सोपवायची तयारी. आता विचार करा. बढतीआधी तुम्हाला अडचण सांगणं म्हणजे मित्राकडे कुरकुर करणं होतं. आज तीच अडचण सांगणं म्हणजे अप्रेझल लिहिणाऱ्याला आपली कच्ची बाजू दाखवणं. तुम्ही तेच आहात, त्यांच्यासाठीचा धोका बदलला. म्हणून "अरे, मी तोच आहे" असं कितीही सांगितलंत तरी उपयोग नाही.

साळुंकी

"धोका बदलला" याला जोरदार +१. बढतीनंतर जे म्हणतात ना, "माझं दार सगळ्यांसाठी कायम उघडं आहे", त्यांच्या दारातून कोणी का जात नाही याचं उत्तर हेच. सविस्तर रात्री लिहिते.

जुना खलाशी

मी जहाजावर नोकरी केलेला माणूस, त्यामुळे उदाहरण समुद्रातलंच सुचतं. अंटार्क्टिका खंड ओलांडायला निघालेल्या अर्नेस्ट शॅकल्टनचं 'एन्ड्युरन्स' जहाज अंटार्क्टिकाजवळ बर्फात अडकलं आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये बुडालं. २८ माणसं बर्फावर. या सगळ्यांना त्याने जिवंत परत आणलं, शेवटची तुकडी ऑगस्ट १९१६ मध्ये सुटली. हे सगळ्यांना माहीत असतं. मला त्यातली एक बारकी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. बर्फावर उतरल्यावर झोपायच्या पिशव्या वाटायच्या होत्या. १८ ऊबदार, केसाळ कातड्याच्या, उरलेल्या लोकरीच्या आणि कमी उबेच्या. चिठ्ठ्या टाकल्या. निकाल असा लागला की चांगल्या पिशव्या जवळजवळ सगळ्या साध्या खलाशांना मिळाल्या, आणि लोकरीच्या आल्या शॅकल्टन आणि अधिकाऱ्यांच्या वाट्याला. खलाशांना लगेच कळलं की चिठ्ठ्यांमध्ये गडबड आहे. पण गडबड कोणाच्या बाजूने आहे हेही कळलं.

नवखे, तुमच्या ज्येष्ठांबद्दल. त्या जहाजावर मॅकनिश नावाचा सुतार होता. वयाने मोठा, तोंडाने फटकळ. बर्फावरून होड्या ओढायची वेळ आली तेव्हा त्याने चक्क नकार दिला. जहाज बुडालं म्हणजे करार संपला, आता तुझा हुकूम कशाला मानू, असा त्याचा मुद्दा. शॅकल्टनने तो मोडून काढला. पण पुढे मदत आणायला सहा जणांनी लहानशा होडीतून खुल्या समुद्रात जायचं ठरलं तेव्हा याच माणसाला सोबत घेतलं. होडीच्या बाजू उंच करून ती समुद्रात टिकेल अशी त्यानेच केली होती, आणि कुरकुर करणारा माणूस मागे राहिलेल्यांत सोडायचा नव्हता. दोन्ही कारणं खरी. अवघड माणसाला कोपऱ्यात बसवू नका, स्वतःच्या होडीत घ्या.

कोरा कागद

@जुना खलाशी काका, मान राखून असहमत. शॅकल्टनची गोष्ट सांगताना लोक कायम अर्धीच सांगतात. त्याच मोहिमेची दुसरी तुकडी खंडाच्या पलीकडच्या बाजूला, रॉस समुद्राकडून अन्नसाठे लावत होती. त्यांच्यातले तिघे मेले. ते साठे कधी वापरलेच गेले नाहीत, कारण शॅकल्टन तिथवर पोचलाच नाही. आणि ज्या सुताराने होडी तारली त्या मॅकनिशला पोलर मेडल मिळालं नाही, कारण शॅकल्टनने त्याची शिफारसच केली नाही. म्हणजे होडीत घेतलं, पण हिशेब मनात ठेवला. आपल्या डोळ्यांसमोरच्या माणसांसाठी जीव टाकणारा नेता लांबच्या माणसांच्या बाबतीत कसा वागतो, हेही बघायला हवं ना?

जुना खलाशी

मेडलचं खरं आहे. मलाही ते कधी पटलं नाही.

मृण्मयी

मी रुग्णालयात वॉर्डची जबाबदारी सांभाळते. नवखा कर्णधार, तुमच्या वर्णनातली "विरोध नाही, प्रश्न नाहीत" ही ओळ वाचून मला काळजी वाटली. आमच्याकडे ज्या वॉर्डमधून चुकांची एकही नोंद येत नाही, तिथे मी आधी जाऊन बघते.

यामागे अभ्यास आहे. एमी एडमंडसन या संशोधिकेने नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषध देण्यातल्या चुका तपासल्या. तिची अपेक्षा सरळ होती: चांगल्या चालणाऱ्या टीममध्ये चुका कमी असतील. आकडे उलटे आले. चांगल्या टीमच्या नावावर नोंदलेल्या चुका जास्त होत्या. शेवटी लक्षात आलं की त्या टीम जास्त चुकत नव्हत्या, चुकांबद्दल जास्त बोलत होत्या. बाकीच्या ठिकाणी चुका होत होत्या आणि दडत होत्या. त्यातूनच पुढे १९९९ च्या तिच्या निबंधात 'मानसिक सुरक्षितता' ही कल्पना टीमच्या संदर्भात आली. नंतर गूगलने स्वतःच्या १८० टीमचा अभ्यास केला त्यातही हाच घटक सगळ्यांत वरचा निघाला.

आता सोमवार सकाळचं सांगते. कोणी वाईट बातमी घेऊन आलं की पहिली दहा सेकंदं सगळं ठरवतात. तुमचा चेहरा, पहिलं वाक्य. आमच्याकडे मी एक शिस्त पाळते: पहिला प्रश्न रुग्णाबद्दल, दुसरा "काय काय घडलं, क्रमाने सांग", आणि "कोणी" हा प्रश्न पहिल्या दिवशी येतच नाही. तो पुढे लागतोच, तो टाळायचा नाही. पण त्याची जागा ठरलेली. आणखी एक, बातमी आणणाऱ्याला "बरं झालं लगेच सांगितलंस" म्हणायचं, आणि ते इतरांसमोर. बाकीचे त्या क्षणी त्याच्याकडे बघत नसतात, तुमच्याकडे बघत असतात.

याचा अर्थ सगळं माफ, असा नाही. मुद्दाम नियम मोडला, नोंद लपवली, तर माझ्याकडे अजिबात सूट नाही. चूक सांगितली तर बचाव आणि लपवली तर कारवाई, हे दोन्ही एकदा लोकांनी घडताना पाहिलं की भाषण द्यावं लागत नाही.

अर्धविराम

मृण्मयीताई, फार नेमकं. मी एक वेगळं टोक मांडतो, कारण विश्वास नसला तर बरोबर हुकूमही कसा वाया जातो याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

५ ऑगस्ट १९४९. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मॅन गल्च नावाची दरी. वणवा विझवायला विमानातून उड्या मारणारी पंधरा जणांची तुकडी उतरली, खाली एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. म्होरक्या वॅगनर डॉज. कसलेला माणूस, पण अबोल. ही पोरं त्याच्यासोबत आधी फारशी राबलेली नव्हती. सगळ्यांना वाटत होतं आग साधी आहे, सकाळपर्यंत आटपेल. दरीत उतरत असताना आगीने ओढा ओलांडला आणि सुक्या गवतातून ती त्यांच्या दिशेने चढावर सुटली. सगळे मागे वळून डोंगर चढत पळू लागले. डॉजने आधी अवजारं टाकायला सांगितलं. मग तो थांबला, खिशातून काडी काढली आणि समोरच्या गवतालाच आग लावली. ते गवत जळून गेलं की त्या राखेत मुख्य आगीला खायला काही उरणार नाही, हे त्याचं गणित. त्याने हाका मारल्या, इकडे या, राखेत आडवे व्हा.

एकही जण आला नाही.

पोरांच्या बाजूने बघा. मागून आग येतेय आणि म्होरक्या पुढे आग लावतोय. ही युक्ती त्यांच्या प्रशिक्षणात नव्हती. समजावून सांगायला वेळ नव्हता. त्या क्षणी त्यांच्याजवळ दोनच पर्याय होते: आपल्या डोळ्यांना दिसतंय ते मानायचं, किंवा या माणसाचा शब्द मानायचा. शब्दामागे काही साठलेलंच नव्हतं. १३ जण गेले. दोघे कड्यातल्या फटीतून वर निसटले. डॉज राखेत आडवा पडून वाचला.

कार्ल वाइक या संघटनांच्या अभ्यासकाने १९९३ मध्ये यावर गाजलेला निबंध लिहिला. त्याचा भर टीमची रचना आणि अर्थ लावण्याची क्षमता कशी कोसळली यावर आहे. मी त्यातून माझ्यापुरतं एवढं घेतलं: जो नेता साध्या दिवसांत आपल्या निर्णयांची कारणं सांगत नाही, त्याचा कारणाविना दिलेला हुकूम संकटात कोणी घेत नाही. रोज "हे असं का करतोय" हे दोन वाक्यांत सांगणं लोकांना वेळखाऊ वाटतं. त्या दोन वाक्यांतून टीमला तुमचं डोकं कसं चालतं ते कळत जातं. मग एखाद्या दिवशी कारण सांगायला वेळ नसेल तर ती स्वतःच अंदाज बांधते की याच्या मनात काहीतरी असणार.

नवखा कर्णधार, तुमची टीम "हो, करू या" म्हणते तेव्हा तिला कारण कळलेलं असतं का? की फक्त काम?

तर्ककर्कश

अर्धविराम, जबरदस्त. याची उलटी बाजू म्हणजे टेनेरिफ बेटावरचा विमान अपघात. २७ मार्च १९७७, धुकं, एकाच धावपट्टीवर दोन ७४७ विमानं. केएलएम या डच कंपनीच्या कॅप्टनने उड्डाणाची परवानगी नसताना विमान सोडलं आणि ते समोरच्या पॅन ॲम कंपनीच्या विमानावर आदळलं. ५८३ मृत्यू.

तिथे विश्वासाचा तुटवडा नव्हता, अति होता. कॅप्टन कंपनीतला नावाजलेला प्रशिक्षक. सहवैमानिकाची या विमानासाठीची परीक्षा त्यानेच घेतलेली. सहवैमानिकाने एकदा थांबवलं, अजून परवानगी आलेली नाही म्हणाला. काही क्षणांनी पुन्हा विमान सुटलं तेव्हा तो थेट अडवू शकला नाही. फ्लाइट इंजिनियरने विचारलं, ते पॅन ॲम धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का? कॅप्टन ठामपणे "झालं" म्हणाला. विषय तिथेच संपला.

त्यानंतरच्या काळात विमान कंपन्यांनी कॉकपिटमधल्या संवादाचं वेगळं प्रशिक्षण सुरू केलं. १९७९ मध्ये नासाने त्यावर कार्यशाळा घेतली, १९८१ पासून युनायटेड एअरलाइन्सने ते राबवलं. त्यात कनिष्ठाने शंका कशी ठामपणे मांडायची हे शिकवतात, आणि कॅप्टनने ती कशी ऐकून घ्यायची हेसुद्धा.

म्हणून साहेबांच्या "दबदबा" सल्ल्याची मला खरंच भीती वाटते. तुमच्या शब्दाला वजन आलं की त्याच वजनाखाली दुसऱ्याची शंका दबते. मीटिंगमध्ये आपलं मत शेवटी सांगायची सवय आत्ताच लावा, अजून कोणी तुमचं ऐकत नाहीये तोवर सोपं आहे. :)

शेवटचा बाक

लीडरशिपच्या धाग्यात इतकी माणसं दगावलेली पहिल्यांदाच पाहिली.

साळुंकी

शेवटचा बाक, अगदी! रात्र झाली, आता मी.

वणवे, बर्फ, विमानं, सगळं वाचलं, आवडलं. पण ऑफिसात कोणाचा जीव जात नाही. तिथे विश्वास रजेच्या अर्जावर मरतो. ईमेलच्या सीसीत मरतो. लोक तुमचं व्हिजन ऐकून मत बनवत नाहीत. ते खालच्या असल्या फुटकळ गोष्टी बघतात आणि वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

जो हजर नाही त्याच्याबद्दल तुम्ही काय बोलता. नोकरी सोडून गेलेल्याची मीटिंगमध्ये चेष्टा केलीत की उरलेल्या प्रत्येकाला कळतं, आपण गेल्यावर आपलं काय होणार. यावर माझा इतका विश्वास आहे की नवीन साहेब आला की मी आधी हेच ऐकते.

काम छान झालं तर वरच्या मेलमध्ये नाव कोणाचं. "टीमने केलं" ही पळवाट आहे. तिने केलं तर तिचं नाव लिहा.

आपल्या हातात नसलेली आश्वासनं. "तुझ्या बढतीचं मी बघतो" हे वाक्य बोलणाऱ्या प्रत्येक लीडला वाटतं आपण धीर देतोय. ऐकणारा ते वचन म्हणून घरी घेऊन जातो. त्याऐवजी "मी तुझं नाव देणार आहे, निर्णय माझा नाही, अमुक महिन्यात कळेल" इतकं कोरडं बोला. कोरडं बोलणं पुढच्या वर्षी फार ऊबदार ठरतं.

आणि सर्वांत नाजूक: जे माहीत आहे पण सांगता येत नाही. कपात येणार, टीम मोडणार, असलं काहीतरी लीडला आधी कळतं. तेव्हा "मला काही कल्पना नाही" हे खोटं कधीही बोलू नका. "यावर मला आत्ता बोलता येणार नाही" म्हणा. लोक घाबरतील, अंदाज बांधतील, होऊ दे. खोटं पकडलं गेलं तर त्यानंतरचं तुमचं प्रत्येक खरं वाक्यही तपासलं जातं.

अवांतर: टीम बाँडिंगच्या नावाखाली डोळे मिटून मागे पडायचे आणि सहकाऱ्यांनी झेलायचं, तो खेळ बंद करा कोणीतरी. झेलणारे सगळे जण वरिष्ठांसमोर उभे असतात. झेलणारच.

नवखा कर्णधार

सर्वांचे मनापासून आभार. इतके तपशीलवार प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. अर्धविराम, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: कारण बहुतेकदा सांगतो. मृण्मयीताईंचा पहिल्या दहा सेकंदांचा मुद्दा लिहून ठेवलाय.

ज्येष्ठांशी बोलू का थेट? बोललो तर "मला तुमचा पाठिंबा हवा" असं म्हणणं लाचारीचं वाटतं, आणि न बोलावं तर हे असंच चालू राहणार.

कोरा कागद

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. अनौपचारिक सत्ताकेंद्राला इतका भाव दिला की ते कायमचं होतं. उद्या प्रत्येक निर्णय त्यांच्या भुवईवर ठरेल.

तर्ककर्कश

@कोरा कागद, ते आत्ताही भुवईवरच ठरतंय.

एडविन हॉलंडर यांनी १९५८ मध्ये मांडलेली कल्पना इथे बसते. गटाच्या रीतीभाती पाळून आणि कामात उपयोगी पडून माणूस गटात पत जमवतो. मग चाकोरीबाहेरचं काही करायची वेळ आली की ती पत खर्च करतो. त्या ज्येष्ठांची पत मोठी आहे आणि ते ती खर्चच करत नाहीयेत. पाठिंबा मागू नका. एखादा निर्णय खरोखर त्यांच्याकडे द्या, ज्यात ते तुमच्याहून जाणते आहेत असा, आणि नंतर तो फिरवू नका. आणि बोलाल तेव्हा प्रश्न इतकाच: इथे काय बंद व्हावं असं तुम्हाला वाटतं?

नवखा कर्णधार

अपडेट देतो. ज्येष्ठांशी बोललो. तर्ककर्कश यांचाच प्रश्न विचारला. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग जे म्हणाले ते माझ्या डोक्यातही नव्हतं. साधारण असं: "वरून तारीख आली की तू ती आम्हाला सांगतोस. कारणही सांगतोस, चांगलं सांगतोस. पण आम्ही सांगितलेली अडचण वर जाते का आणि गेली तर तिचं काय होतं, हे आम्हाला कधीच कळत नाही. मग सांगायची कशाला? सांगून तारीख तीच राहणार, आणि तुझ्या वहीत आमचं नाव जाणार."

गंमत म्हणजे मी वर सांगत असतो. दोनदा तर तारीख पुढे ढकलूनही घेतली आहे. टीमला वाटलं ती आपोआप सरकली.

अर्धविराम

तुमच्या धाग्याचं उत्तर तुमच्या ज्येष्ठांनी दिलं. आम्ही सगळे उगाच डोंगर चढत होतो.

याला संशोधनाचा आधारही आहे आणि तो फार जुना आहे. डोनाल्ड पेल्झ यांनी १९५२ साली डेट्रॉइट एडिसन या वीज कंपनीतल्या पर्यवेक्षकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. जे पर्यवेक्षक कामगारांची बाजू घेतात, त्यांच्याशी जवळीक ठेवतात, त्यांची माणसं जास्त समाधानी असतील, असं आपण धरून चालतो. पेल्झ यांना दिसलं की हे फक्त अशाच पर्यवेक्षकांच्या बाबतीत खरं ठरतं ज्यांच्या शब्दाला वर किंमत आहे. वर काडीची किंमत नसलेला पर्यवेक्षक कितीही प्रेमळ असला तरी फायदा दिसत नव्हता, उलट काही बाबतींत समाधान घटलेलं दिसलं. कारण उघड आहे. तो आशा लावतो आणि हात हलवत परत येतो.

टीम तुम्हाला जोखते ती तुम्ही तिच्याशी कसे वागता एवढ्यावरूनच नाही, तिच्या पाठीमागे तिच्या वतीने काय करता यावरून. आणि ते तिला दिसत नाही.

कोरा कागद

सतीश धवन यांचा किस्सा इथे फिट बसतो, घासून गुळगुळीत झालाय तरी. १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ या रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं. मोहिमेचे प्रमुख कलाम. पत्रकारांसमोर मात्र इस्रोचे अध्यक्ष धवन बसले आणि अपयश स्वतःकडे घेतलं. १८ जुलै १९८० ला यश मिळालं तेव्हा पत्रकार परिषद घ्यायला कलामांना पाठवलं. कलामांनी हे आयुष्यभर सांगितलं.

लोक यातून "श्रेय द्या, दोष घ्या" एवढंच काढतात. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं की उड्डाणाआधी संगणकाने मोजणी थांबवली होती आणि तरी पुढे जायचा निर्णय कलामांचा होता, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. म्हणजे धवन यांच्याकडे बोट दाखवायला जागा होती. ती त्यांनी वापरली नाही, आणि ते टीमने प्रत्यक्ष पाहिलं.

नवखा कर्णधार, ज्येष्ठांबद्दलचं माझं आधीचं मत मागे घेतो.

मृण्मयी

पण दाखवायचं कसं हा प्रश्न उरतोच. वर पाठवलेले मेल टीमला फॉरवर्ड करायचे का? मला ते बरोबर वाटत नाही. वरिष्ठांचा तुमच्यावरचा विश्वास जाईल.

साळुंकी

नाही नाही, मेल अजिबात नाही. आणि "मी तुमच्यासाठी भांडलो" हेही नाही. ते ऐकायला छान वाटतं, पण त्याचा अर्थ "वरचे वाईट, मी चांगला" असा होतो. पुढच्या वेळी तारीख सरकली नाही की तुम्ही वाईट किंवा दुबळे, यातलं एक नक्की ठरता.

फक्त हिशेब द्या, वाणीच्या वहीसारखा कोरडा. काय मागितलं, काय मिळालं, काय नाकारलं, कारण काय दिलं. "तारीख दोन आठवडे पुढे मागितली, एक मिळाली, कारण क्लायंटचं ऑडिट आहे." बस. नाकारलं तेही सांगायचं, तेच जास्त मोलाचं. नकार सांगणाऱ्याचा होकार लोक खरा मानतात. आणि अडचण ज्याने सांगितली त्याचं नाव वर घ्यायचं की नाही हे त्याला आधी विचारा. तुमच्या वहीत नाव जातं ही त्यांची भीती तिथेच मोडेल.

गुळवेल

उशिरा आलो. माझी टीम चार वेगवेगळ्या शहरांतून घरूनच काम करते, एकमेकांचे चेहरेही धड पाहिलेले नाहीत. पहिली दहा सेकंदं वगैरे स्क्रीनवर कशी जमवायची?

साळुंकी

@गुळवेल, तुमच्याकडे चेहरा नाही, पण सगळं लेखी आहे, हा फायदाच आहे. अडचण आली की ग्रुपमध्ये तुमचं पहिलं उत्तर काय ते सगळे वाचतात, नंतर वर जाऊन पुन्हा वाचतात. शांतता मात्र तिथे फार बोलते. उत्तर द्यायला वेळ लागणार असेल तर "पाहिलं, संध्याकाळी सांगतो" एवढं लगेच टाका, आणि संध्याकाळी सांगा. चुकीबद्दलचं बोलणं ग्रुपवर करू नका, फोन करा. कौतुक ग्रुपवर.

नवखा कर्णधार

या शुक्रवारपासून मीटिंगच्या सुरुवातीला पाच मिनिटं वर काय मागितलं आणि काय झालं याची ठेवतोय. यादी मी ठेवेन, ज्येष्ठ म्हणाले की त्यात काय जायला हवं ते टीमने ठरवावं. तारखांचा अंदाज बांधायचं काम त्यांच्याकडे दिलं आहे, आणि त्यांचा पहिला अंदाज माझ्यापेक्षा बराच लांबचा आहे. तो मी तसाच वर पाठवला आहे. साहेब खूश नाहीत.

शेवटचा बाक

साहेबांना या धाग्याची लिंक देऊ नका.